राजाचं चर्च, कोळ्यांचा धक्का

सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर, पालेर्मोपासून रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर चेफालू नावाचं गाव आहे. वस्ती चौदा हजारांच्या आसपास. पाठीशी सुमारे २७० मीटर उंचीचा सरळसोट खडक, पुढ्यात समुद्र, आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने उभी राहिलेली जुनी घरं. अशी गावं भूमध्य समुद्राच्या काठाने पुष्कळ सापडतील. पण इथल्या छपरांच्या वर डोकं काढून एक कॅथेड्रल उभं आहे, आणि ते या गावाच्या मापाचं नाही. एखाद्या राजधानीला शोभावं असं ते बांधकाम आहे. मासे मारून पोट भरणाऱ्या गावाला एवढं मोठं चर्च मिळालं कसं, आणि ते मिळूनही गाव एवढंसंच राहिलं कसं? हा प्रश्न मनात धरून जो चेफालूत उतरेल त्याला इथला दगडन् दगड काहीतरी सांगेल, असं माझं ठाम मत आहे. पुढची प्रकरणं मी त्याच प्रश्नाभोवती रचली आहेत.

हे आधीच सांगायचं कारण असं, की बहुतेक प्रवासी इथं अर्ध्या दिवसापुरते येतात. काही जण स्टेशनवरून थेट वाळूत जातात, छत्री भाड्याने घेतात, पोहतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. काही जण बसमधून उतरून कॅथेड्रलमध्ये शिरतात, वीस मिनिटं मान वर करून मोझेक पाहतात, फोटो काढतात आणि पुढच्या गावाला निघतात. एकांना राजा भेटत नाही, दुसऱ्यांना कोळी. आपल्याकडच्या युरोप सहलींत इटली म्हणजे रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा कललेला मनोरा. सिसिलीपर्यंत त्या क्वचितच पोचतात. म्हणजे जो मराठी प्रवासी चेफालूला येईल तो बहुधा स्वतः तिकिटं काढून, स्वतःच्या हिमतीवर आलेला असेल. त्याच्या वेळेवर कुणा टूर मॅनेजरची शिट्टी नाही. त्याने इथं दोन रात्री तरी राहावं. हे पुस्तक त्या हिशेबाने लिहिलं आहे.

आधी राजाची गोष्ट. १०६३ मध्ये नॉर्मन सैन्याने चेफालू घेतलं. त्याआधी सुमारे दोनशे वर्षं, म्हणजे ८५८ पासून, ते अरबांच्या ताब्यात होतं. त्याआधी बायझंटाईन साम्राज्याकडे, त्याआधी रोमनांकडे, आणि मुळात ते ग्रीकांच्या काळापासून ओळखीचं ठाणं. दुसरा रॉजर हा नॉर्मन सरदाराचा मुलगा ११३० च्या नाताळात पालेर्मोमध्ये सिसिलीचा राजा झाला आणि पुढच्याच वर्षी, जून ११३१ मध्ये, त्याने चेफालूच्या कॅथेड्रलची पायाभरणी केली. गावात सांगितली जाणारी दंतकथा अशी: राजाचं जहाज वादळात सापडलं, त्याने नवस बोलला की जिथं सुखरूप लागेन तिथं चर्च बांधीन, आणि जहाज इथं लागलं. नवसाची गोष्ट आपल्याला कळायला सोपी आहे, पण राजाच्या मनात नवसापलीकडचंही काही होतं. त्याला स्वतःची समाधी इथं हवी होती. ११४५ मध्ये त्याने लालसर जांभळ्या पॉर्फिरी दगडाच्या दोन भव्य शवपेट्या या चर्चमध्ये आणवल्या. पॉर्फिरी हा सम्राटांचा दगड. कालपरवा मुकुट घातलेल्या राजाने तो वापरणं म्हणजे आपण कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या तोलाचे आहोत, असं जाहीर करणंच होतं.

पण ११५४ मध्ये रॉजर वारला तो पालेर्मोत, आणि त्याला पुरलंही पालेर्मोतच. चेफालूतल्या पेट्या रिकाम्या राहिल्या. अखेर १२१५ मध्ये त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक याने त्या उचलून पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये नेल्या. त्यांतल्या एकीत आज तो स्वतः आहे. राजाची समाधी नाही म्हटल्यावर दरबारचा पैसा आटला, कामाचा वेग मंदावला. चर्चचं विधिवत अर्पण व्हायला १२६७ साल उजाडलं. समोरची तीन कमानींची पडवी तर पंधराव्या शतकातली.

कागदोपत्री असलेला हा इतिहास डोळ्यांनी बघता येतो, आणि त्यासाठी खडकावर चढावं लागतं. स्थानिक लोक त्याला नुसतं ‘ला रोक्का’ म्हणतात. पायवाटेवर तिकीट आहे, पायऱ्या दगडी आणि झिजलेल्या आहेत, आणि वाटेत पाणी मिळत नाही. निम्म्या उंचीवर डायनाचं मंदिर म्हणून ओळखली जाणारी एक वास्तू आहे: चुन्याशिवाय एकावर एक बसवलेल्या अजस्र शिळा, आणि आत पाण्याची एक टाकी, जी मंदिराच्या भिंतींहूनही जुनी आहे. मला वाटतं या खडकाचं सगळं महत्त्व त्या टाकीत आहे. वर पाणी साठवता येत होतं म्हणून समुद्रावरून हल्ला आला की माणसं वर राहू शकत होती. बायझंटाईन काळात तर गावच खालच्या किनाऱ्यावरून या माथ्याकडे सरकलं होतं. तटबंदी, हौद, भट्ट्या यांचे अवशेष वाटेवर पसरलेले आहेत. रॉजरने चर्चसाठी खालची जागा निवडली आणि गाव पुन्हा पाण्यापाशी आलं, हा त्याच्या राज्यातल्या निर्धास्तपणाचा मोठा पुरावा आहे.

माथ्याच्या कडेशी उभं राहून खाली पाहिलं की कॅथेड्रल पाठीमागून दिसतं. पूर्वेकडचा भाग, म्हणजे वेदीचा आणि आडव्या दालनाचा, उंचच उंच आहे. त्याला जोडलेलं मधलं लांब दालन मात्र एकदम खुजं. दोघांच्या छपरांत इतका फरक आहे की दोन वेगळ्या इमारती शेजारी चिकटवल्यासारख्या वाटाव्यात. सुरुवात झाली ती प्रचंड आराखड्याने. पुढे हात आखडता घेतला गेला. समोरून, चौकातून पाहणाऱ्याला हे कळत नाही, कारण दर्शनी बाजूला दोन भक्कम बुरूज त्या खुजेपणावर पांघरूण घालतात. म्हणून माझा आग्रह आहे की सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, आधी खडक चढावा आणि मग चर्चमध्ये जावं. बुरुजांचे कळसही निरखून पाहा: एक चौकोनी, दुसरा अष्टकोनी.

आत शिरल्यावर मधल्या दालनात थोडं थांबावं. दोन्ही बाजूंचे स्तंभ जुन्या रोमन इमारतींतून काढून आणलेले आहेत. वरच्या लाकडी छतावर अरबी शैलीची चित्रं आहेत. उंचीमुळे ती नुसत्या डोळ्यांना धड दिसत नाहीत, तेव्हा दुर्बीण असेल तर न्यावी. खिडक्यांत मिकेले कान्झोनेरी या आजच्या काळातल्या चित्रकाराच्या अमूर्त रंगीत काचा आहेत. जुन्या वास्तूत नवं काम नको म्हणणारे पुष्कळ असतात. मला त्या काचांतून पडणारा प्रकाश आवडतो.

आणि मग समोरच्या अर्धगोल कोनाड्यात तो ख्रिस्त. त्याच्याखाली मधोमध मेरी आणि दोन्हीकडे चार देवदूत, त्याखाली दोन ओळींत बारा प्रेषित, आणि ११४८ सालाचा उल्लेख असलेला लेख. हे काम बायझंटाईन कारागिरांचं. काचेच्या बारीक तुकड्यांत सोन्याचा वर्ख बसवून, ते तुकडे भिंतीत किंचित तिरपे लावायचे, म्हणजे उजेड कुठूनही आला तरी काही तुकडे चमकतातच, अशी ही कला आहे. दिवस सरकतो तशी सोन्याची तकाकी बदलते, म्हणून शक्य झालं तर सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा यावं.

चेहऱ्याकडे पाहा. इतक्या बारकाईने घडवलेला, कडक शिस्तीत बसवलेला हा चेहरा. भांग काढून चापून बसवलेले केस, आणि त्यांतल्या दोन बटा सुटून कपाळावर आलेल्या. बस, दोनच. त्या दोन बटांनी विश्वाच्या अधिपतीला माणसात आणलं आहे. डोळे मोठे आहेत, पण त्यांत दरारा नाही. किंचित थकवा आहे. पालेर्मोजवळच्या मोन्रेआलेचा ख्रिस्त काळाने नंतरचा आणि आकाराने मोठा आहे, तो पाहून माणूस दबतो. चेफालूच्या ख्रिस्तासमोर माणूस उभा राहू शकतो. मला विचाराल तर साऱ्या सिसिलीत हे एक मोझेक पाहायला मिळालं तरी प्रवास सार्थकी लागला. त्याच्या डाव्या हातात उघडा ग्रंथ आहे. एका पानावर मजकूर ग्रीकमध्ये, दुसऱ्या पानावर तोच लॅटिनमध्ये. राजा फ्रान्सहून आलेल्या घराण्यातला, कारागीर ग्रीक परंपरेतले, छताची चित्रं अरबी वळणाची, प्रार्थना लॅटिन. २०१५ मध्ये युनेस्कोने अरब-नॉर्मन पालेर्मो आणि त्याबरोबर चेफालू व मोन्रेआले यांची कॅथेड्रल्स जागतिक वारशाच्या यादीत घातली, ती या मिश्रणासाठी. ते मिश्रण प्रेमापोटी झालं असं समजायचं कारण नाही. रॉजर धूर्त राजा होता. ज्याच्या हातात जे कसब, ते त्याने आपल्या कामाला लावलं. पण त्यासाठी कसब ओळखावं लागतं, आणि ते त्याला येत होतं.

त्याच्याच दरबारात अल-इद्रिसी हा अरब भूगोलकार होता. त्याने राजासाठी जगाचं वर्णन लिहिलं, ते ११५४ मध्ये, राजाच्या मृत्यूच्या वर्षीच, पुरं झालं. त्यात चेफालूचाही उल्लेख आहे: समुद्रकाठचं किल्ल्यासारखं ठाणं, बाजार, स्नानगृहं, आणि वाहत्या गोड पाण्यावर चालणाऱ्या चक्क्या. ते पाणी आजही वाहतं आहे. व्हित्तोरिओ एमान्युएले रस्त्यावर एका जुन्या वाड्याच्या खाली वळणदार पायऱ्या उतरल्या की गावाचा मध्ययुगीन धोबीघाट लागतो. चेफालिनो नावाची छोटी नदी भिंतीतल्या बावीस लोखंडी मुखांतून, त्यांतली काही सिंहाच्या तोंडाची, दगडी हौदांत पडते आणि पुढे समुद्राला मिळते. हौदांच्या कडा कपडे घासायला उतरत्या केलेल्या आहेत. गावातल्या बायका विसाव्या शतकातही इथं धुणं धूत होत्या. भर उन्हात वर पोळून निघाल्यावर इथं उतरावं. हवा लगेच गार होते. इथं तिकीट नाही आणि दहा मिनिटांत पाहून होतं, पण राजाच्या चर्चइतकंच हे ठिकाण माझ्या यादीत वर आहे.

चौकाला लागून असलेल्या गल्लीतल्या मांद्रालिस्का संग्रहालयावर मी एक सबंध प्रकरण खर्ची घातलं आहे, ते का हे इथं सांगतो. एन्रिको पिराइनो, मांद्रालिस्काचा बॅरन (१८०९ ते १८६४), हा इथला जमीनदार. शंखशिंपल्यांचा अभ्यासक, नाण्यांचा संग्राहक, उत्खननं करणारा. त्याने जमवलेलं सगळं त्याच्या इच्छेप्रमाणे गावाच्या वाट्याला आलं. लोक येतात ते आंतोनेल्लो दा मेस्सीनाने पंधराव्या शतकात लाकडी फळीवर तेलरंगात केलेल्या, जेमतेम फूटभर उंचीच्या एका पुरुषाच्या चित्रासाठी. काळी पार्श्वभूमी, काळी टोपी, आणि ओठांवर एक हसू, ज्याचा अर्थ लागत नाही. सांगतात की बॅरनला ही फळी लीपारी बेटावरच्या एका औषधविक्याकडे कपाटाचं दार म्हणून लावलेली सापडली, आणि त्या औषधविक्याच्या मुलीने हे हसू असह्य होऊन तिच्यावर ओरखडे काढले होते. व्हिन्चेन्झो कोन्सोलो या सिसिलियन लेखकाने १९७६ मध्ये या चित्राभोवती एक मोठी कादंबरी उभी केली.

पण त्या चित्राकडे धावण्याआधी दुसऱ्या एका वस्तूपाशी थांबा. लीपारीहूनच आलेलं, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं मातीचं एक भांडं आहे. त्यावर मासेबाजारातलं दृश्य रंगवलेलं आहे. डावीकडे मासे विकणारा, हातात लांब सुरा, पुढ्यात तीन पायांचं लाकडी ठोकळ्याचं टेबल आणि त्यावर ट्यूना. उजवीकडे गिऱ्हाईक, म्हातारा, हात पुढे करून नाणं दाखवणारा. विक्रेत्याचा चेहरा सांगतो की एवढ्यात परवडत नाही. म्हाताऱ्याचा सांगतो की यापेक्षा जास्त मिळणार नाही. सासून डॉकवर पहाटे जो उभा राहिला आहे त्याला या दोघांची भाषा वेगळी शिकवावी लागणार नाही. राजे येण्याच्या दीड हजार वर्षं आधी या समुद्राचा व्यवहार कसा चालत होता, ते या एका भांड्यावर आहे. हे दोन बाजूंचे दोन चेहरे आणि मधला तो मासा मी जेवढा वेळ पाहिला तेवढा वेळ त्या प्रसिद्ध हसऱ्या माणसाला दिलेला नाही.

तिथून बाहेर पडून उताराने समुद्राकडे गेलं की पोर्ता पेस्कारा लागते. जुन्या तटाच्या दरवाजांपैकी समुद्राकडे उघडणारी ही कमान अजून शाबूत आहे. पलीकडे लहानशी वाळू आणि जुना धक्का. घरांच्या मागच्या भिंती थेट पाण्यात उतरलेल्या, लाटांनी खालचा दगड खाल्लेला. जुझेप्पे तोर्नातोरेच्या १९८८ च्या ‘सिनेमा पारादिसो’मध्ये पाण्याच्या काठी उघड्यावर चित्रपट दाखवण्याचा प्रसंग आहे, तो इथंच टिपलेला. ज्यांनी तो सिनेमा पाहिला आहे त्यांना जागा ओळखू येते. चर्चच्या पायऱ्यांपासून इथवर चालायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पोहण्यासाठी गावाच्या पश्चिमेला लांबलचक वाळूचा किनारा आहे. उतार हळू आहे, मुलांना घेऊन जाता येतं. आपल्या कोकणच्या समुद्राची सवय असलेल्याने हे लक्षात घ्यावं, की इथं भरती-ओहोटीचा फरक फारच थोडा असतो. सकाळी जिथं पाणी होतं तिथंच संध्याकाळी असतं. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, १५ ऑगस्टच्या इटालियन सुट्टीच्या आसपास तर नाहीच. सप्टेंबर उत्तम. पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि गर्दी ओसरलेली असते. आफ्रिकेकडून सिरोक्को वारा सुटला की मात्र दोन-तीन दिवस हवा भट्टीसारखी होते. तेव्हा गावकऱ्यांसारखं दुपारभर खिडक्या लावून पडून राहावं. दुपारी चर्चही काही तास बंद असू शकतं, आणि आत जाताना खांदे-गुडघे झाकलेले असावेत.

खाण्याबद्दल. तारली मासळी, रानबडीशेप, बेदाणे आणि पाइनच्या बिया घालून केलेला पास्ता हा या किनाऱ्याचा खरा पदार्थ. तो खाल्ल्याशिवाय परत फिरू नये. मासे न खाणाऱ्यांची उपासमार होत नाही. पालेर्मोकडची पानेल्ले, म्हणजे हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेल्या वड्या, पावात घालून मिळतात. आणि वांगं तर सगळीकडे आहे. वांगं आपल्या उपखंडातलं. अरबांनी ते पश्चिमेकडे नेलं, तसाच ऊसही. सिसिलीतल्या कापोनातामध्ये तळलेलं वांगं साखर आणि व्हिनेगर घालून आंबटगोड करतात, म्हणजे एका वाटीत आपल्याकडून गेलेल्या दोन्ही गोष्टी भेटतात. चेफालूचा खास पदार्थ ‘पास्ता आ तायानू’: मांस, वांगी, टोमॅटो आणि पास्ता यांचे थर एका भांड्यात लावून शिजवलेले. तो ऑगस्टच्या उत्सवाचा मान.

गावाबाहेरच्या जागांना मी थोडक्यात हात लावला आहे. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये जिथं ग्रीकांनी कार्थेजच्या सैन्याचा पाडाव केला ते हिमेरा पालेर्मोच्या वाटेवर आहे. मादोनिये डोंगरात जिबिलमान्नाचं मेरीचं तीर्थस्थान आहे. कास्तेलबुओनो आणि पोल्लीना या गावांत अजून उन्हाळ्यात मान्ना काढतात: फ्रासिनो झाडाच्या सालीला चीर द्यायची, पाझरणारा गोड रस उन्हात पांढरा कडक झाला की खरवडून घ्यायचा. एक दिवस जास्तीचा असेल तर डोंगराकडे तो द्यावा.

उत्सव ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात असतो. ज्या तारणहार ख्रिस्ताच्या नावाने रॉजरने कॅथेड्रल बांधलं त्याचाच हा उत्सव, आणि ६ ऑगस्टला तो धक्क्यावर येतो. एक लांब लाकडी वासा धक्क्यावरून पाण्यावर आडवा रोवतात आणि त्याला साबण-चरबी फासून गुळगुळीत करतात. टोकाला निशाण. मुख्यतः कोळ्यांच्या घरची पोरं एकामागून एक अनवाणी त्यावरून धावतात आणि एकामागून एक धप्पकन पाण्यात पडतात. पडणाऱ्या प्रत्येकाच्या पायाने थोडी चरबी निघते, तेव्हा मागून येणाऱ्याला वासा जरा सोपा होत जातो, आणि कधीतरी एक जण टोकाला पोचून निशाणासकट समुद्रात उडी घेतो. हे बघायचं असेल तर खोली काही महिने आधी ठरवा, आणि त्या दिवशी धक्क्याच्या कठड्यापाशी वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन बसा. मागून आलेल्याला तिथं फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात.